उसनी झोप आणि लांबचा विमानप्रवास

दिवाळी आटोपते, वह्यांचे पूजन होते, चातुर्मास संपतो आणि गोंदियातील आपल्या समाजाच्या अनेक घरांत परदेशप्रवासाची बांधाबांध सुरू होते. कुणाची कन्या न्यू जर्सीत असते, कुणाचा चिरंजीव टोरांटोत. कुणाची सून सॅन फ्रान्सिस्कोजवळ बाळंतपणासाठी सासू-सासऱ्यांची वाट पाहत असते. पासपोर्ट, व्हिसा, प्रवासविमा, खाखऱ्यांचे डबे या साऱ्यांची यादी दोनदा तपासली जाते. राईस मिलच्या किल्ल्या आणि दुकानाचा रोजमेळ धाकट्या भावाच्या हाती सोपवला जातो. एवढे झाल्यावर एक प्रश्न मात्र उरतोच : पंधरा-सोळा तासांच्या त्या खुर्चीत झोप लागणार कशी?

याचे उत्तर बहुधा शेजारून येते. "काकाजी, ही अर्धी गोळी घ्या. डोळे उघडाल ते थेट अमेरिकेत." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्याने स्वतः ती घेतलेली असते आणि त्याला बरे वाटलेले असते. पट्टीतल्या उरलेल्या चार गोळ्या प्रेमाने काकाजींच्या पिशवीत जातात.

आयुष्यातील तीन दशकांहून अधिक काळ बँकेत गेल्यामुळे कोणतीही उसनवारी दिसली की काही प्रश्न आपोआप मनात येतात. रक्कम किती? परतफेड केव्हा? व्याज कोण भरणार? गोळीने आणलेली झोप हीदेखील उसनीच असते. ती कधीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. उधारीवाचून व्यापार चालत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. परंतु अटी न वाचता सही करू नये, एवढे व्यवहारज्ञान आपण या बाबतीतही वापरावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रवास गोंदियातच सुरू होतो

आपण प्रवासाचे तास मोजतो ते विमानाच्या तिकिटावरून. शरीर ते मोजते घराच्या उंबऱ्यापासून. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. तेथून मुंबई किंवा दिल्ली गाठायची. काही जण नागपूरहून थेट आखाताकडे जाणारे विमान धरतात. कुणी दुपारी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरतो आणि दिवसभर नातेवाइकांकडे काढून रात्री विमानतळावर जातो. अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे विमानाचे दार बंद होते त्या क्षणी आपले ज्येष्ठ प्रवासी अठरा-वीस तासांचे जागरण करून बसलेले असतात, आणि त्याआधीच्या दोन रात्री सामान बांधण्यात व भेटायला येणाऱ्यांच्या गडबडीत अर्ध्या-कच्च्या गेलेल्या असतात. झोपेचे खाते प्रवासाला निघण्यापूर्वीच नावे बाजूला गेलेले असते. पुढचे कर्ज त्यावर चढते.

म्हणून पहिला उपाय पूर्णपणे बिनखर्चाचा आहे. सामान चार दिवस आधी बांधून ठेवावे, शेवटच्या तीन रात्री पुरी झोप घ्यावी आणि शक्य असल्यास मुंबईत एक दिवस आधी पोहोचून दुपारी तासभर आडवे व्हावे.

शरीरातले घड्याळ

गोंदिया साधारण ८०.२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि मुंबई सुमारे ७२.९ अंशांवर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. त्यामुळे आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी माथ्यावर येतो. विदर्भ एक्सप्रेसचा प्रवासी हा अर्धा तास रात्रभरात ओलांडतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण एवढा फरक शरीर सहज पचवते. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यातील फरक मात्र हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा त्याहून तीन तास अधिक.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना आले. साधुधर्माच्या मर्यादेमुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. म्हणून वीरचंद राघवजी गांधी जैन समाजाचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्या काळच्या आगबोटींवर घड्याळ रोज थोडे थोडे सरकवले जाई आणि प्रवाशाचे शरीरही त्याच्याबरोबर सरके. १९४८ च्या जूनमध्ये मुंबईहून लंडनला पहिले भारतीय विमान गेले, तेही कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. आज मात्र आपण एका दमात अर्धी पृथ्वी ओलांडतो. पाय न्यूयॉर्कच्या जमिनीवर असतात आणि शरीरातले घड्याळ गोंदियाची वेळ दाखवत राहते.

हे घड्याळ नुसती उपमा नव्हे. ते पेशींत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूतील एक छोटी ग्रंथी 'मेलाटोनिन' नावाचे द्रव्य सोडते आणि आता रात्र झाली, हा निरोप शरीरभर पोहोचतो. नव्या देशाच्या वेळेशी जुळवून घेताना हे घड्याळ साधारणपणे दिवसाला एखादा तासच सरकते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमानात डोळा लागणे हा एक प्रश्न आणि तिकडे गेल्यावर दिवस-रात्र जुळणे हा दुसरा. झोपेची गोळी पहिल्या प्रश्नावर थोडा वेळ उपाय करते. दुसऱ्याला ती हात लावत नाही. विमानात सात तास गुंगीत गेलेले गृहस्थही न्यू जर्सीत पहाटे दोन वाजता टक्क जागे होऊन बसतात, ते यामुळेच.

पट्टीत नेमके काय असते?

आपल्या घरांतून 'झोपेची गोळी' या एकाच नावाखाली तीन-चार निरनिराळी औषधे फिरत असतात.

पहिला प्रकार अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम यांसारख्या औषधांचा. ही दोन्ही आपल्या देशात 'एच-१' अनुसूचीत आहेत. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार औषधविक्रेत्याने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. एवढा बंदोबस्त सरकारने विनाकारण केलेला नाही. झोल्पिडेमचा अंमल सकाळीही उरतो, असे आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी त्याची सुरुवातीची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणली. २०१९ साली त्याच प्रशासनाने या गटातील औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोक झोपेतच उठून चालू लागत, वाहनही चालवत आणि नंतर त्यांना त्याची आठवण नसे.

विमानाशी याचा संबंध जुना आहे. १९८७ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात तीन प्रवाशांची हकीकत प्रसिद्ध झाली. विमानात त्यांनी ट्रायाझोलाम हे झोपेचे औषध मद्याबरोबर घेतले होते आणि उतरल्यानंतरचे कित्येक तास त्यांच्या स्मृतीतून पार पुसले गेले. विशेष म्हणजे हे तिघेही मेंदूविज्ञानाचे अभ्यासक होते. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा मद्याशी संबंध नाही, हे खरे. पण वयाबरोबर यकृत आणि मूत्रपिंडे मंदावतात आणि तीच मात्रा शरीरात अधिक काळ रेंगाळते.

दुसरा प्रकार सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांचा. त्यांनी पेंग येते म्हणून लोक त्या निर्धोक समजतात. परंतु उतारवयात त्यांनी तोंड कोरडे पडते, पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते आणि मनाचा गोंधळ उडतो. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी टाळण्याजोग्या औषधांची यादी केली आहे. तिच्यात या गोळ्याही आहेत आणि अल्प्राझोलामच्या गटातील औषधेही.

तिसरा प्रकार मेलाटोनिनचा. याने गुंगी आणण्यापेक्षा शरीरातल्या घड्याळाला रात्रीचा निरोप दिला जातो. २००२ साली झालेल्या एका विश्वसनीय अभ्याससमीक्षेनुसार पाच किंवा अधिक कालपट्टे ओलांडणाऱ्या प्रवाशांना, नव्या ठिकाणच्या झोपण्याच्या वेळी घेतलेल्या अर्धा ते पाच मिलिग्रॅम मेलाटोनिनचा उपयोग होतो. वेळ चुकली तर उलटाच परिणाम होऊन घड्याळ जुळायला उशीर लागतो. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी आणि अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये, असेही त्या समीक्षेत सांगितले आहे.

मेलाटोनिन ब्रिटनमध्ये चिठ्ठीवरच मिळते. अमेरिकेत मात्र ते किराणा दुकानातही मिळते आणि मुले तिकडून डबी पाठवतात. त्या डबीबद्दल दोन गोष्टी. तिकडे लोकप्रिय असलेल्या चघळायच्या गोळ्यांची तपासणी २०२३ साली झाली, तेव्हा २५ पैकी २२ उत्पादनांत लिहिलेले आणि असलेले प्रमाण जुळले नाही; एकात तर मेलाटोनिन मुळीच नव्हते. दुसरे असे की, अशा काही चघळायच्या गोळ्यांत आणि अनेक कॅप्सूलांच्या आवरणात जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल किंवा साधी दाबून केलेली गोळी मिळू शकते. औषधविक्रेत्याला तसे स्पष्ट विचारावे.

'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' असे म्हणून घेतल्या जाणाऱ्या चूर्णांनाही हाच न्याय लावावा. अश्वगंधा आणि तगर ही मुळे आहेत. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांनी हे जाणून असावे. सर्पगंधाही मूळच, आणि तिच्यातील रेसर्पिन रक्तदाब खाली आणते. आधीच रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याने ती वर घेतली तर जमा-खर्च कोठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

पस्तीस हजार फुटांवरची खोली

घरच्या पलंगावर निभावणारी गोळी विमानात का निभावत नाही, याचे कारण तेथील हवेत आहे. विमानात हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तसा ठेवतात. म्हणजे आपण सिमल्यासारख्या उंचीवर बसलेलो असतो. हवेतील ओलावाही बहुधा २० टक्क्यांच्या खाली असतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात विमानासारख्या दाबात झोपलेल्या निरोगी तरुणांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास आले; मद्य दिल्यावर ते ८५ च्या घरात गेले. हे तरुण होते. घोरताना श्वास अडणारे, दमा असणारे किंवा हृदयविकाराचे ज्येष्ठ रुग्ण अशा हवेत श्वास मंदावणारे औषध घेतात, तेव्हा धोका किती वाढतो याचा विचार करावा.

दुसरा धोका पायांत असतो. चार तासांहून अधिक एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केले. एकूण प्रमाण लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक. पण लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल तर ते वाढते. साध्या झोपेत माणूस कूस बदलतो, पाय हलवतो, तहान लागली की जागा होतो. गुंगीतला माणूस यातले काहीच करत नाही. मान कलंडलेली, गुडघे मुडपलेले, अशा स्थितीत तो सहा-सात तास पडून राहतो. त्याला झोप म्हणायचे की नुसती गुंगी, हे आपणच ठरवावे.

तिसरा धोका उतरताना. दोहा, दुबई किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचे असते. अर्धवट अंमलात असलेले सत्तरीचे गृहस्थ सरकत्या जिन्यावर पाय टाकतात, हातातील पिशवी आणि पासपोर्ट सांभाळतात, पाटीवरील दाराचा क्रमांक वाचू पाहतात. येथे तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर उसन्या झोपेचे व्याज किती झाले ते मोजायला वही पुरणार नाही.

खसखस आणि सीमाशुल्काचे टेबल

आपल्याकडे झोपेसाठी जायफळ घातलेले दूध किंवा खसखशीची खीर देण्याची रीत आहे. घरी ते सारे ठीक. परंतु खसखस अफूच्याच झाडाची असल्याने संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती नेण्यास मनाई आहे. नातवासाठी नेलेले अनारसे, मसाल्याची पुडी, दुधात घालायचा मसाला यांत खसखस असते, हे बांधताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. आखातमार्गे जाताना ती सामानात ठेवूच नये.

गोळ्यांचेही तसेच. अमिरातीत अल्प्राझोलामसारखी औषधे नियंत्रित यादीत आहेत आणि ती नेण्यासाठी तेथील सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. शेजाऱ्याने दिलेली, नाव फाटलेली, चार गोळ्यांची पट्टी आणि सोबत चिठ्ठी नाही, ही स्थिती अधिकाऱ्यापुढे समजावून सांगणे अवघड आहे. डॉक्टरांनी आपल्यालाच दिलेले औषध त्याच्या मूळ वेष्टनात, औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावे.

साडेतेवीस तासांची रात्र

चौविहार पाळणाऱ्यांसाठी एक हिशेब मांडतो. डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. मध्यरात्रीनंतर निघणारे विमान पश्चिमेकडे जाताना रात्रीच्या बरोबरच धावते. न्यूयॉर्कचा सूर्योदय त्या दिवसांत सकाळी सव्वासातच्या सुमारास, म्हणजे आपल्या घड्याळाने संध्याकाळचे पावणेसहा. दोहोंमध्ये साडेतेवीस तासांहून अधिक रात्र पडते. नवकारसी धरली तर आणखी ४८ मिनिटे. एवढा वेळ कोरड्या हवेत पाण्याच्या थेंबावाचून बसणे मधुमेही, रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला झेपेल का, आणि त्यात पाण्याशिवाय गोळी गिळायची का, याचा निर्णय विमानाच्या खुर्चीत बसून घेण्याचा नव्हे. व्रत ज्याचे त्याचे आहे. मात्र हा हिशेब गुरुमहाराजांपुढे आणि डॉक्टरांपुढे निघण्यापूर्वी ठेवावा आणि त्यांच्या आज्ञेप्रमाणे वागावे.

मग करावे तरी काय?

आपल्या जिल्ह्यातच बिरसीला वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. थकवा आणि झोप हा वैमानिकाच्या शिस्तीचा भाग असतो. झोल्पिडेम घेतल्यावर चोवीस तास विमान चालवू नये, असा अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा दंडक आहे. आपल्याला विमान चालवायचे नसले, तरी उतरल्यावर स्वतःला सांभाळायचे असते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी पुढे ठेवावी, इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या वेळेचे कोष्टक लिहून घ्यावे आणि झोपेच्या औषधाची खरोखर गरज आहे का, हे विचारावे. त्यांनी औषध दिलेच तर त्याची पहिली मात्रा घरी, घरच्या माणसांच्या देखत घेऊन पाहावी. जे वर्षानुवर्षे अशी गोळी घेत आहेत त्यांनी मात्र हा लेख वाचून ती एकाएकी बंद करू नये. तेही धोक्याचे असते.

विमानात मध्यरात्रीनंतर बसलात, तर जेवणाची वाट पाहू नये. सूर्यास्तापूर्वी घरचे जेवून निघालेल्याला त्याची गरजही नसते. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे, मानेला उशी आणि पांघरुणावरून पट्टा बांधून पहिले पाच-सहा तास निजावे. ती आपल्या शरीराची रात्रच असते. पट्टा पांघरुणावर दिसला की कर्मचारी तो तपासण्यासाठी उठवत नाहीत. झोप लागली नाही तरी डोळे मिटून स्वस्थ पडण्याने बराच आराम मिळतो. जागे असताना तासाभराने पायांचे घोटे फिरवावेत, मधल्या वाटेतून चालून यावे, डॉक्टरांनी सांगितले असल्यास पायांत घट्ट मोजे घालावेत. चहा-कॉफी निजण्याच्या सहा तास आधीच बंद करावी.

पोहोचल्यावर पहिल्या दिवशी दुपारी अर्ध्या तासाहून अधिक निजू नये, उजेडात फिरावे आणि रात्री तेथील नऊ-दहापर्यंत जागे राहावे. मुलांनीही आई-वडील आले म्हणून पहिल्याच शनिवारी पन्नास माणसांचे जेवण ठरवू नये. घड्याळाला आठवडा-दहा दिवस लागतील, हे धरूनच चालावे. परतताना पूर्वेकडचा प्रवास बहुतेकांना अधिक जड जातो. तेव्हा परत आल्याबरोबर दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसण्याची किंवा मोठ्या व्यवहारावर सही करण्याची घाई नको.

शेजाऱ्याकडून उसनी साखर घ्यावी, छत्री घ्यावी, प्रसंगी सुटकेसही घ्यावी. त्याची गोळी मात्र त्याच्याच घरी राहू द्यावी. काकाजींचा एक दिवसाचा कंटाळा सोसता येतो. तिकडे नातवाला उचलून घेण्यासाठी ते दोन्ही पायांवर उभे असणे अधिक महत्त्वाचे आहे.